फारशा नावाजलेल्या नसलेल्या जपानी फुटबॉलपटूची ऑनलाइन लोकप्रियता कशी मोजायची

जे-लीग या जपानच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या तीन श्रेणींत (जे-१, जे-२, जे-३) २०२४ पासून प्रत्येकी २० असे ६० क्लब आहेत. त्यांतून पुढे जाऊन युरोपात गाजलेले मितोमा किंवा कुबो होणारे अगदी मोजके. उरलेल्या शेकडो व्यावसायिक खेळाडूंचं नाव जपानबाहेर कुणी घेत नाही. त्यांच्या क्लबच्या मैदानात मात्र प्रत्येकाच्या नावाचं कापडी फलक कठड्याला बांधलेलं दिसतं. असा खेळाडू ऑनलाइन किती लोकप्रिय आहे हे पाहायला बहुतेक जण इन्स्टाग्राम उघडतात, फॉलोअर्सचा आकडा बघतात आणि मोकळे होतात. तो आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. कमी परिचित खेळाडूची तुलना ताऱ्यांशी करायची नसते. ती करायची त्याच्याच मागच्या महिन्याशी आणि त्याच्याच क्लबमधल्या सहकाऱ्यांशी. एवढं धरून चाललं तर फुकट मिळणाऱ्या साधनांवर काम होतं. एका खेळाडूला पहिल्यांदा साधारण अर्धा दिवस द्यावा लागतो, पुढे आठवड्याला पाव तास पुरतो.

आधी नाव पक्कं करा

निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात, म्हणून घाई करू नका. जपानी नाव तीन रूपांत गोळा करायचं: चित्रलिपी म्हणजे कांजीतलं, उच्चार दाखवणाऱ्या काना लिपीतलं आणि रोमन अक्षरांतलं. जपानी विकिपीडियावर लेखाच्या पहिल्याच ओळीत कांजी आणि तिचा हिरागाना उच्चार शेजारीशेजारी असतो. तो हाताने टाइप न करता तिथूनच उचला.

कांजीत फसवणूक कशी होते हे साइतो या आडनावावरून कळतं. साइतो मानाबू, साइतो कोकी आणि साइतो मित्सुकी हे तिघेही व्यावसायिक फुटबॉलपटू. आडनावाचा उच्चार एकच, पण तिघांच्याही आडनावाचं पहिलं अक्षर वेगवेगळ्या रूपात लिहितात. चाहते घाईत सर्वांत सोपं रूप वापरतात, क्लब मात्र नोंदणीतलं अवघड रूप छापतो. फक्त अधिकृत रूप शोधलं तर चाहत्यांच्या बऱ्याच पोस्ट निसटतात. वातानाबे या आडनावाचंही तसंच. अशा खेळाडूसाठी सगळी रूपं एका ओळीत लिहून ठेवा आणि प्रत्येक शोधात सगळी वापरा.

रोमन अक्षरांत अडचण दीर्घ स्वराची. लांब ‘ओ’ कुणी नुसत्या ‘ओ’ने लिहितं, कुणी पुढे ‘यू’ जोडतं, कुणी ‘एच’, तर विकिपीडियावर डोक्यावर आडवी रेघ येते. शिवाय जपानमध्ये आडनाव आधी, आणि इंग्रजी बातम्यांत बहुधा उलट. रोमन नावाची किमान चार रूपं होतात, असं धरूनच चला.

सगळ्यांत मोठा धोका नामसाधर्म्याचा. तानाका तात्सुया या नावाचे दोन फुटबॉलपटू आहेत. एक १९८२ सालचा, जपानच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला. दुसरा १९९२ सालचा, गांबा ओसाका, ओइता त्रिनीता अशा संघांतून पुढे आलेला आणि नंतर अविस्पा फुकुओकात गेलेला. कांजी दोघांची तंतोतंत सारखी, आणि दोघेही कधी ना कधी उरावा रेड्सकडून खेळले. म्हणजे नावाला क्लबचं नाव जोडूनही गुंता सुटत नाही. अशा वेळी जपानी विकिपीडिया लेखाच्या शीर्षकात कंसात जन्मवर्ष घालतो, तो धागा धरा. सोशल मीडियावर नावासोबत सध्याचा क्लब आणि जर्सी क्रमांक घ्या आणि जुन्या खेळाडूच्या काळातल्या तारखा वगळा. नामसाधर्म्य फुटबॉलच्या बाहेरही असू शकतं. एखाद्या अभिनेत्याचं किंवा राजकारण्याचं नाव तेच असेल तर गूगलचे आकडे तुमच्या खेळाडूचे नाहीतच असं समजा आणि विकिपीडियावर भर द्या.

शेवटी टोपणनाव. जपानी चाहते सामन्याच्या ओघात पूर्ण नाव क्वचितच लिहितात. क्लबच्या संकेतस्थळावरच्या खेळाडूच्या पानावर ‘या नावाने हाक मारा’ अशा अर्थाची नोंद बऱ्याचदा असते. तेही यादीत घाला.

विकिपीडिया: सर्वांत भरवशाचा आकडा

विकिपीडियाच्या ‘पेजव्ह्यूज’ या साधनात कोणत्याही लेखाची रोजची भेटसंख्या जुलै २०१५ पासून पाहता येते. नुसता अंदाज हवा असेल तर लेखाच्या ‘पानाची माहिती’ या दुव्यावर गेल्या ३० दिवसांचा एकूण आकडाही मिळतो. पण खरं काम रोजच्या आकड्यांवर होतं.

प्रकल्प म्हणून जपानी विकिपीडिया निवडा. लेखाचं शीर्षक कांजीत, कंसासकट जसंच्या तसं चिकटवा. ‘एजंट’ या खान्यात ‘यूजर’ ठेवा, कारण तिथे ‘ऑल’ राहिलं तर शोधयंत्रांचे आणि बॉटचे फेरे मिसळतात. ताऱ्याच्या लेखावर ते झाकले जातात, पण दिवसाला वीस भेटी असलेल्या पानावर दहा बॉट म्हणजे निम्मी लोकप्रियता खोटी. ‘प्लॅटफॉर्म’ मात्र ‘ऑल’च ठेवा. मैदानातून बघणारा चाहता फोनवरच असतो. मग आकडे सीएसव्ही स्वरूपात उतरवून घ्या.

दोन गोष्टी इथे नेहमी चुकतात. हे साधन शीर्षकानुसार मोजतं. लेखाचं शीर्षक मधेच बदललं असेल (उदाहरणार्थ, नवा नामसाधर्म्याचा खेळाडू आल्यावर कंस जोडला गेला) तर बदलाआधीच्या भेटी जुन्या शीर्षकाखाली राहतात आणि खेळाडू एका रात्रीत जन्मल्यासारखा आलेख दिसतो. लेखाचा इतिहास बघून जुनं शीर्षकही वेगळं मोजा आणि बेरीज करा. दुसरी गोष्ट पुनर्निर्देशनाची. वेगळ्या कांजीने किंवा वेगळ्या रोमन रूपाने आलेले वाचक मूळ लेखाच्या आकड्यात धरले जात नाहीत. त्यासाठी ‘रिडायरेक्ट व्ह्यूज’ हे शेजारचंच साधन आहे.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि ही भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. विकिपीडियाचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार बदलतो, म्हणजे जपानमध्ये सकाळी ९ वाजता आणि भारतात पहाटे साडेपाचला. शनिवारी जपानी वेळेनुसार दुपारी २ किंवा संध्याकाळी ७ वाजता सुरू होणारा सामना (आपल्याकडे सकाळी साडेदहा आणि दुपारी साडेतीन) आणि त्यानंतरची रात्र शनिवारच्याच खान्यात पडते, तिथे अडचण नाही. पण रविवारी सकाळी ७ वाजता जपानी टीव्हीवर खेळाडू दिसला तर तो परिणामही शनिवारच्या खान्यात जातो. युरोपातल्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या संघात असलेल्या जपानी खेळाडूचे सामने जपानमध्ये मध्यरात्रीनंतर होतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत जपानी तारीख आणि विकिपीडियाची तारीख सरसकट एका दिवसाने हुकते. तक्त्यात सामन्याची तारीख नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहा.

आता हिशेब. सरासरी काढू नका, मध्यक काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. समजा, एका बचावपटूच्या पानावर रोज १८ भेटी येतात आणि २८ दिवसांत एकाच दिवशी गोल केल्यामुळे २,४०० आल्या. सरासरी १०३ दाखवेल, आणि त्या महिन्यात खरोखर शंभराच्या आसपास भेटींचा एकही दिवस नसेल. मध्यक १८ च राहील. तो त्याचा पाया.

घटनेनंतर दोन गुणोत्तरं काढायची. उसळी म्हणजे घटनेच्या दिवसाचा आकडा भागिले आधीच्या २८ दिवसांचा मध्यक. वरच्या उदाहरणात १३३ पट. टिकाव म्हणजे घटनेनंतरच्या ३१ ते ५८ या दिवसांचा मध्यक भागिले तोच आधीचा मध्यक. समजा नंतरचा मध्यक २७ आला, तर टिकाव दीडपट. बातम्यांत १३३ पट गाजतात, पण लोकप्रियता वाढली की नाही हे दीडपट सांगते. टिकाव १.१ च्या आत असेल तर लोक आले, नाव वाचलं आणि गेले, इतकंच. पाया दिवसाला १० भेटींच्या खाली असेल तर रोजचे आकडे सोडून द्या आणि आठवड्याची बेरीज घ्या, नाहीतर चार मित्रांनी पान उघडलं तरी तुम्हाला लाट दिसेल.

किती भाषांत लेख आहे यावरून लोकप्रियता ठरवू नका. इजिप्शियन अरबीसारख्या काही आवृत्त्यांत खेळाडूंची ठरावीक साच्यातली पानं घाऊक तयार झाली आहेत. भाषांची संख्या न मोजता प्रत्येक भाषेतल्या भेटी मोजा; ‘लँगव्ह्यूज’ हे साधन ते एका फेरीत करून देतं.

गूगल ट्रेंड्स

गूगलवर एखादं नाव किती शोधलं जातं हे दाखवणारं हे साधन. इथला आकडा ० ते १०० या सापेक्ष मापात असतो, शोधांची संख्या नसते. १०० म्हणजे निवडलेल्या काळातला आणि प्रदेशातला त्याचा स्वतःचा कळस. म्हणून दोन वेगळ्या आलेखांतले १०० एकमेकांशी जोडू नका. तुलना करायची तर एकाच आलेखात करा. तिथे पाचपर्यंत नावं बसतात.

शेजारी कुणाला बसवायचं यावर सगळं अवलंबून आहे. कुबोशेजारी जे-३ मधला मध्यरक्षक ठेवलात तर त्याची रेघ शून्याला चिकटून जाईल. त्याच क्लबचा, त्याच वयाचा, साधारण तेवढेच सामने खेळलेला सहकारी घ्या. वेगवेगळ्या कांजी रूपांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ती एकत्र मोजली जातात. साइतोसारख्या आडनावासाठी हे हवंच. नाव टाइप करताना खाली ‘फुटबॉलपटू’ असं वर्णन असलेला विषय सुचवला गेला तर तो घ्या, पण तानाका तात्सुयासारख्या प्रकरणात तो नेमका कोणता हे संबंधित शोधांची यादी पाहून तपासा. तिथे जुन्या क्लबची नावं दिसली की माणूस चुकला.

शून्याचा अर्थ कुणीच शोधलं नाही असा नसतो. गूगलच्या किमान मर्यादेखाली आहे, इतकाच असतो. हे आकडे नमुन्यावरून काढलेले असल्यामुळे कमी शोध असलेल्या नावासाठी आज आणि उद्या वेगळे येतात. तीन वेगवेगळ्या दिवशी तोच आलेख उतरवून मध्यक घ्या. रोजचे आकडे हवे असतील तर काळ साधारण आठ महिन्यांच्या आत ठेवा, त्याहून लांब काळाला आठवड्याचे आकडे मिळतात. आणि याहू जपान तिथे अजून भरपूर वापरलं जातं. तिथले शोध ट्रेंड्समध्ये येत नाहीत, तेव्हा हे चित्र अर्धंच आहे असं मानून वाचा.

याहू जपानचंच ‘रिअलटाइम सर्च’ मात्र जरूर वापरा. एक्सवरच्या जपानी पोस्ट किती झाल्या याचा ३० दिवसांपर्यंतचा आलेख ते फुकट दाखवतं. जुना इतिहास तिथे मिळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा न चुकता उतरवून ठेवा.

क्लबच्या खात्यावरचा वाढदिवस

कमी परिचित खेळाडूसाठी याहून चांगला मापदंड सापडणार नाही. जपानी क्लब एक्सवर खेळाडूंच्या वाढदिवसाची पोस्ट टाकतात. मजकूर जवळजवळ सारखा, छायाचित्राची धाटणी तीच, वर्षातून एकदा. त्यामुळे क्लबच्या आत कोण किती लाडका हे त्यातून दिसतं. एका हंगामातल्या सगळ्या खेळाडूंच्या वाढदिवसांच्या पोस्टवरचे लाइक्स गोळा करा, मध्यक काढा आणि तुमच्या खेळाडूचे लाइक्स त्याने भागा. १ म्हणजे संघात मधोमध, १.५ म्हणजे चाहत्यांचा जीव त्याच्यावर आहे. रोज मैदानात नसलेला राखीव गोलरक्षक इथे वर दिसला, तर ती बाब गोल करणाऱ्या आघाडीपटूच्या आकड्यापेक्षा किती तरी बोलकी असते.

लाइक्स घ्या, रीपोस्ट नको. ‘फॉलो करा आणि रीपोस्ट करा, बक्षीस मिळवा’ अशा मोहिमा जपानमध्ये सर्रास चालतात, आणि त्या दिवशी रीपोस्टचा आकडा फुगतो. वाढदिवस सामन्याच्या दिवशी किंवा मोठ्या विजयाच्या दुसऱ्या दिवशी आला असेल तर त्या नोंदीपुढे खूण करा. हंगामाच्या सुट्टीत जन्मलेल्यांचे आकडे मंद असतात. भाडेतत्त्वावर दुसऱ्या क्लबात गेलेल्याची पोस्ट मूळ क्लब टाकेलच असं नाही. त्याची तुलना नव्या क्लबच्या संघाशी करा.

इन्स्टाग्रामवर फॉलोअर्स किती यापेक्षा ते कुठले हे महत्त्वाचं. इंडोनेशियाचा प्रतामा अरहान २०२२ मध्ये टोकियो वर्दीत आला तेव्हा क्लबच्या खात्याचे फॉलोअर्स इंडोनेशियन चाहत्यांमुळे झपाट्याने वाढले. अशा काळात त्या संघातल्या एखाद्या जपानी खेळाडूचे फॉलोअर्स वाढले, तर ती त्याची लोकप्रियता की शेजाऱ्याची, हे आधी तपासायला हवं. शेवटच्या दहा पोस्टखालच्या शंभर प्रतिक्रिया घ्या आणि भाषेनुसार वेगळ्या करा. जपानी किती, इंडोनेशियन किंवा थाई किती, नुसत्या इमोजी किती. फॉलोअर्स एका रात्रीत वाढले, पण प्रतिक्रियांची संख्या हलली नाही आणि त्या दिवशी बातमीही नाही, तर विकतचे फॉलोअर्स असण्याची शक्यता धरा आणि तो आकडा बाजूला ठेवा. मागचा इतिहास इन्स्टाग्राम देत नाही, तेव्हा नोंद आजपासूनच सुरू करा, आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी.

खेळाडूच्या पत्नीची, मुलांची, शाळेतल्या मित्रांची खाती या मोजणीत आणू नका. त्यांचा या कामाशी संबंध नाही.

भारतात खेळलेले जपानी खेळाडू

इथे वरचे बरेच नियम उलटे होतात, कारण लोकप्रियता जपानमध्ये नसून इथे असते. कात्सुमी युसा मुंबईच्या ओएनजीसीतून खेळला आणि पुढे २०१४-१५ ची आय-लीग, म्हणजे भारतातली तेव्हाची अव्वल लीग, जिंकणाऱ्या मोहन बागानच्या संघात होता. त्याच्यासाठी ट्रेंड्समध्ये प्रदेश ‘जपान’ ठेवलात तर हाती फारसं लागणार नाही. प्रदेश भारत, मग पश्चिम बंगाल, आणि नाव रोमनसोबत बंगाली लिपीतही शोधा. जपानमध्ये खेळाडू आडनावाने ओळखला जातो, पण कोलकात्यात हा कात्सुमीच. कांजीतलं ‘युसा’ घेऊन बसलात तर मोहन बागानचा सगळा गोतावळा मोजणीबाहेर राहील.

आराता इझुमीचं प्रकरण पुणेकरांना जवळचं. १९८२ साली जपानमध्ये जन्मलेला हा मध्यरक्षक महिंद्र युनायटेड आणि नंतर पुणे एफसीकडून खेळला, भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघातून उतरला. त्याचं भारतीय नाव नीलकंठ खांभोळजा. म्हणजे एका माणसासाठी कांजी, रोमन आणि भारतीय नाव अशा तीन वाटांनी शोध घ्यावा लागतो. शिवाय पुणे एफसी आणि एफसी पुणे सिटी हे दोन वेगळे क्लब आणि तो दोन्हींकडून खेळलेला, तेव्हा क्लबचं नाव जोडून शोधताना काळ तपासा. जुन्या आय-लीग क्लबांपैकी बरेच बंद पडले, त्यांची संकेतस्थळंही गेली. त्या काळातली पानं वेबॅक मशीन या जुन्या संकेतस्थळांच्या संग्रहावर जुना पत्ता टाकून शोधावी लागतात.

उसळीचं कारण शोधताना

आलेखात टोक दिसलं की त्या तारखेपुढे कारण लिहा. कारण सापडलं नाही तर ‘अज्ञात’ लिहा, ओढूनताणून गोलशी जोडू नका. नेहमीची कारणं अशी: राष्ट्रीय संघात निवड, क्लबबदल, मोठी दुखापत, एम्परर्स कप या बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धेत खालच्या श्रेणीच्या संघाने वरच्या संघाला हरवणं, लग्नाची घोषणा, टीव्हीवरची उपस्थिती. आणखी एक चाहूल बाहेरून येते. ‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरच्या खेळात जे-लीग अधिकृतपणे २०२४ च्या आवृत्तीत आली. तेव्हापासून एखाद्या तरुण खेळाडूच्या इंग्रजी पानावर भेटी वाढल्या आणि जपानी पान जागच्या जागी असलं तर कारण मैदानापेक्षा संगणकात शोधा.

सरावासाठी ऱ्यो जर्मेन घ्या. जे-लीग पाहणाऱ्यांना तो ठाऊक होता, बाहेर फारसा कुणाला नाही. ८ जुलै २०२५ रोजी पूर्व आशियाई स्पर्धेत हाँगकाँगविरुद्ध राष्ट्रीय संघाकडून पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले. जपानी आणि इंग्रजी पानांचे त्या तारखेच्या आधीचे २८ दिवस आणि नंतरचे ५८ दिवस उतरवा आणि दोन्हींचा टिकाव वेगवेगळा काढा. निवड जाहीर झाल्याचा दिवस आधीच्या २८ दिवसांच्या खिडकीत येतो का तेही बघा. तसं असेल तर पायाची खिडकी आणखी मागे सरकवावी लागते.

काही खेळाडूंचा पहिला कळस व्यावसायिक होण्याआधीच येऊन गेलेला असतो. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला होणारी अखिल जपान शालेय फुटबॉल स्पर्धा टीव्हीवरून देशभर पाहिली जाते, आणि तिथे चमकलेला मुलगा पुढे जे-३ मध्ये बाकावर बसला तरी लोक त्याला शोधत राहतात. म्हणून मोजणी पदार्पणापासून न करता लेख तयार झाला तिथपासून सुरू करा.

हंगाम बदलतोय, तक्ता दोन भागांत ठेवा

२०२५ पर्यंत जे-लीग फेब्रुवारी ते डिसेंबर चालायची. त्यामुळे बहुतेक खेळाडूंच्या आलेखात जानेवारीत दोन गोष्टी एकदम दिसतात: सामने नसल्याने पाया खाली आणि क्लबबदलांमुळे टोकं वर. २०२६ च्या फेब्रुवारी ते जून या काळात बढती-अवनतीविना विशेष स्पर्धा ठेवली आणि ऑगस्ट २०२६ पासून हंगाम युरोपसारखा, मधे हिवाळी सुट्टी घेऊन चालणार असं ठरलं. त्यामुळे ‘मागच्या वर्षीचा हाच महिना’ ही तुलना २०२६ आणि २०२७ साठी मोडते. जून २०२५ मध्ये ऐन हंगाम होता, जून २०२७ मध्ये बहुतेक काळ सुट्टी असेल. भेटी घटल्या म्हणून खेळाडू विस्मरणात गेला असा निष्कर्ष काढाल तर चुकेल. जुन्या आणि नव्या हंगामाचे आकडे वेगळ्या पानांवर ठेवा आणि तुलना महिन्याऐवजी फेरीच्या क्रमांकाने करा: जुन्या हंगामाची दहावी फेरी नव्या हंगामाच्या दहाव्या फेरीशी. तक्त्याचे रकाने एवढेच पुरतात: जागतिक प्रमाणवेळेतली तारीख, फेरी, खेळलेली मिनिटं, जपानी भेटी, इंग्रजी भेटी, रिअलटाइमच्या पोस्ट, कारण. मिनिटांचा रकाना वगळू नका. मिनिटं शून्य असलेल्या आठवड्यांत उरलेला आकडा वेगळा काढा. बाकावर बसलेल्या खेळाडूला किती जण शोधतात हे तिथेच कळतं.